कोडिंग येत नाही? मग काय झालं!

मीटिंगमध्ये रंगीबेरंगी चार्ट झळकवणारा माणूस हुशारच असणार, असा आपल्याकडे एक गोड समज आहे. त्यातून त्याला कोडिंग येत असेल तर विचारूच नका, बाकीचे सगळे गप्प! पण चार्ट म्हणजे आकड्यांना विचारलेला प्रश्न. तो फक्त कोडिंगवाल्यांनीच विचारायचा, हा कुठला न्याय?

मी मास कॉमवाली. बातम्यांसाठी आकडे हाताळावे लागतात, म्हणून बरीच टूल्स वापरून बघितली. फंडा एकच, आपली पायरी ओळखा.

पायरी १ : कोड शून्य
एक्सेल तर प्रत्येकाकडे असतंच. त्याच्या पुढचं म्हणजे बर्लिनचं डेटारॅपर. २०१२मध्ये ते पत्रकारांसाठी म्हणून निघालं. टेबल पेस्ट करा, चार्ट निवडा, झालं. हलतेडुलते चार्ट हवेत? मग लंडनचं फ्लरिश आहे. २०२२पासून ते कॅनव्हाच्या घरात नांदतंय.

पायरी २ : माउस आणि थोडं डोकं
टॅब्लो आणि मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय. इथे कॉलम ओढायचे नि सोडायचे. पण जरा खोलात गेलात की फॉर्म्युले लिहावेच लागतात. पॉवर बीआयची 'डॅक्स' ही भाषा एक्सेलच्या फॉर्म्युल्यांची चुलत बहीणच. टॅब्लो पब्लिक फुकट आहे, पण नावातच 'पब्लिक' आहे हे विसरू नका. ऑफिसची पगाराची शीट तिथे चढवायची नाही!

पायरी ३ : कोडवाले
पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब, आर भाषेत जीजीप्लॉट२ आणि वेबसाठी २०११मध्ये आलेलं डी३. डी३मध्ये 'बार चार्ट' असं रेडीमेड बटण नाही. पट्टी, अक्ष, रंग, सगळं तुम्हीच मांडायचं. मोकळीक सॉलिड, मेहनतही तेवढीच.

मग वरची पायरी कधी चढायची? तोच रिपोर्ट दर सोमवारी करावा लागत असेल तेव्हा. कोड एकदा लिहिला की पुढच्या वेळी फक्त नवी फाइल द्यायची. शिवाय कुठला आकडा कसा काढला हे कोडमध्ये लिहिलेलं असतं, दुसऱ्याला तपासता येतं. एकदाच लागणाऱ्या चार्टसाठी मात्र पायथन शिकायला बसणं म्हणजे चहासाठी गाय पाळणं. आता एआयही कोड लिहून देतं, कबूल. पण तो वाचताच येत नसेल तर त्यातली चूक पकडणार कोण?

आणि टूल कितीही भारी असलं तरी डोळे उघडे हवेतच. समजा, अप्रेझलच्या स्लाइडवर दोन टीम्सचे स्कोअर आहेत, ९२ आणि ९६. फरक जेमतेम चारचा. पण उभा अक्ष ९०पासून सुरू केला की एक पट्टी दुसरीच्या तिप्पट उंच दिसते! हे मुद्दाम करावं लागतं असंही नाही. आकडे जवळजवळचे असले की एक्सेल स्वतःहूनच अक्ष शून्याच्या वर सुरू करतं. ९२वाल्या टीमचं इन्क्रिमेंट मग त्या चित्रावर ठरणार का?

त्यामुळे पुढच्या मीटिंगमध्ये चकाचक चार्ट आला की 'कुठल्या टूलमध्ये केला?' असं विचारू नका. 'अक्ष कुठून सुरू होतो?' हे विचारा. त्याला कोडिंग लागत नाही, बॉस!