टेबलापलीकडचा प्रश्न

आपल्या माणसांत ओळख झाली की पुढचा प्रश्न ठरलेला. पुण्यात "कुठल्या पेठेतले?", इकडे कॅलिफोर्नियात "कुठल्या व्हिसावर?" एच-वनच्या रांगेत मी स्वतः इतकी वर्षं काढली की हा प्रश्न मला "जेवलात का?" इतकाच साधा वाटायचा.

गेल्या वर्षी कंपनीतर्फे एका विद्यापीठाच्या करिअर फेअरला गेले होते. निळा टेबलक्लॉथ, फुकट वाटायची पेनं आणि समोर ही रांग! एक मुलगी आली. तिचा प्रोजेक्ट असा की आमच्या टीमला दाखवावा. मी उत्साहाच्या भरात विचारलं, "स्टेटस काय तुझं? ग्रीन कार्ड? एफ-वन?" मागे पाच-सहा मुलं उभी. तिने माझ्या हातातला रेझ्युमे हळूच परत घेतला, थँक्यू म्हणाली आणि गेली. पेनसुद्धा घेतलं नाही.

तिचं खरं कारण मला माहीत नाही. पण थोड्या वेळाने करिअर सेंटरच्या एक बाई शेजारी येऊन बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हा प्रश्न इथे विचारू नका. आमच्याकडे कागदपत्रं नसलेली मुलंही शिकतात." कान गरम झाले माझे.

मग घरी येऊन वाचत बसले. 1982 साली सुप्रीम कोर्टाने प्लायलर खटल्यात सांगितलं की अशा मुलांना सरकारी शाळा नाकारता येणार नाही. कॅलिफोर्नियाच्या 2001च्या कायद्याने, राज्यातच शाळा शिकलेल्यांना इथल्या मुलांच्या दराने कॉलेजची फी भरायची वाट करून दिली. 2012 मध्ये ओबामांच्या काळात 'डाका' आलं : लहानपणी आणलेल्यांना दोन-दोन वर्षांचं वर्क परमिट. पण अट अशी की 15 जून 2007 पासून सलग अमेरिकेत हवं. आता करा हिशोब. आज कॉलेजात पाऊल टाकणारं अठरा वर्षांचं पोर तेव्हा फार तर पाळण्यात होतं. शिवाय 2017 मध्ये ट्रम्प सरकारने ते गुंडाळायला घेतल्यापासून, मधला थोडा काळ सोडला, तर नवे अर्ज मंजूर होतच नाहीत. म्हणजे पदवी हातात, आणि 1986च्या कायद्याप्रमाणे मालकाने जाणूनबुजून नोकरी देणं बेकायदा.

"मग ही पोरं फेअरला येतात तरी कशाला?" मामाने फोनवर विचारलंच. मामा, काहींकडे डाकाचं परमिट असतं, त्यांना नोकरी देण्यात काहीच बेकायदा नाही. बाकीच्यांना पुढचं शिक्षण, स्वतःचा धंदा, व्यवसायाचे परवाने यांची माहिती हवी असते. कॅलिफोर्नियात 2014च्या कायद्यानंतर केवळ स्टेटसमुळे परवाना नाकारता येत नाही. हे त्या मुलांना कोणी सांगायचं?

सांगायचं तर सगळ्यांसमोर, सगळ्यांना सांगावं, म्हणजे कुणाला हात वर करावा लागणार नाही. दारावर फुलपाखराचं पोस्टर लावून "सर्वांचे स्वागत" म्हटलं की झालं, असं मला वाटत नाही. नाव नोंदवताना गरज नसलेली माहिती मागू नये, विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत, आणि कोण कोण टेबल मांडणार ते आधी जाहीर करावं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. मार्च 2019 मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ अ‍ॅरिझोनात विद्यार्थ्यांच्या एका क्लबसमोर बोलायला चक्क बॉर्डर पेट्रोलचे अधिकारी आले होते, त्यावरून केवढा गदारोळ झाला! आणि शाळा-कॉलेजांपासून कारवाई लांब ठेवायची जी सूचना होती, ती सरकारने जानेवारी 2025 मध्ये मागे घेतली. अशा वेळी न सांगता कोणाला टेबल देणं म्हणजे निष्काळजीपणाच.

आणि आम्ही टेबलामागचे? कामाची परवानगी आहे का, स्पॉन्सरशिप लागेल का, हे कंपनीच्या अर्जात सगळ्यांना एकाच शब्दांत विचारलेलं असतं. कागद तपासायचे ते नोकरी दिल्यावर. मी रांगेसमोर चौकशी करायचं काही कारणच नव्हतं.

मामाचं पुढचं वाक्य : "आपण रांगेत उभे राहिलो, ते घुसले." खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात हे कैकदा आलंय. पण तीन वर्षांचं मूल आईच्या कडेवरून कुठे घुसणार? आणि रांगेतल्यांचं तरी काय! आमच्या ओळखीतला एक मुलगा चार वर्षांचा असताना एच-फोरवर आला, एकविसावं सरलं आणि आईबाबांच्या ग्रीन कार्डच्या अर्जातून बाहेर पडला. आता ज्या गावात वाढला तिथेच परदेशी विद्यार्थी म्हणून राहतोय. त्याच्याकडे कागद आहेत, त्यांच्याकडे नाहीत, हा फरक मोठा आहे, मान्य. पण "स्टेटस काय?" म्हटल्यावर त्याचाही चेहरा उतरतो. मी पाहिलाय.

असो. यंदा पुन्हा गेले होते. आता मी विचारते, "या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात अवघड काय गेलं?" मुलं भरभरून बोलतात, रांग तुंबते आणि शेजारचा सहकारी वैतागतो. ती मुलगी काही दिसली नाही. नाव वाचायच्या आत तिने कागद परत घेतला होता, प्रोजेक्ट मात्र अजून आठवतो.