इमारतीचा घसारा

भाईंदर पश्चिमेच्या साठ फुटी रस्त्यावर किंवा मीरा रोडच्या शांतीनगरात उभे राहून मान वर केली, तर एकाच इमारतीच्या दर्शनी भागावर जितकी बिऱ्हाडे तितके आकार दिसतात. कोणाची खिडकी लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यासह दीड-दोन फूट बाहेर आलेली असते, तर कोणाची गॅलरी सरकत्या काचांनी बंद झालेली असते. कुठे एसीचे पाणी खालच्या घराच्या छज्ज्यावर अखंड ठिबकते आणि कुठे सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यातून पिंपळाने डोके वर काढलेले असते. आत मात्र मकराण्याचा संगमरवर आणि सागवानी देव्हारा असतो. उंबरठ्याच्या आत जो काटेकोरपणा दिसतो, तो भिंतीच्या बाहेर का दिसत नाही? बाहेरची भिंत कोणाची, असे विचारले तर बहुतेक सभासद चटकन ‘सोसायटीची’ म्हणतात आणि त्या एका शब्दाबरोबर तिची काळजीही सोसायटीच्या पदरात टाकून मोकळे होतात.

कायद्याचे उत्तरही तेच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० या कायद्याखाली गृहनिर्माण संस्था नोंदल्या जातात. २०१९ मध्ये त्यांच्यासाठी या अधिनियमात स्वतंत्र प्रकरणही घालण्यात आले. आदर्श उपविधींनी संस्थेने स्वखर्चाने करावयाच्या दुरुस्त्यांची यादीच दिली आहे. बाहेरच्या भिंती, गच्ची आणि तिचा कठडा, जिने, पाण्याच्या टाक्या, सामाईक जलवाहिन्या, पावसाच्या पाण्याची गळती आणि गच्ची गळल्यामुळे वरच्या मजल्यावरील घराच्या छताची झालेली हानी, हे सारे त्या यादीत येते. ‘गळती तुमच्या घरात आहे, तुम्हीच पाहा’ असे वरच्या मजल्यावरील सभासदाला ऐकवणारी समिती उपविधी विसरलेली असते. घराच्या आतील नळ, मोरी आणि शौचालयातील गळती मात्र त्या-त्या सभासदाने दुरुस्त करावयाची असते.

याच उपविधींनी सभासदावरही बंधन घातले आहे. समितीच्या लेखी परवानगीशिवाय त्याला सदनिकेत वा दुकानात फेरफार करता येत नाही. बांधकामाचा प्रश्न असेल, तर महानगरपालिकेची परवानगी वेगळी घ्यावी लागते. पूर्वसूचना देऊन समितीने पाहणीसाठी येणे हा तिचा अधिकार आहे.

सभासदाने हे पाळले नाही तर काय होते, हा प्रश्न विचारला की चित्र बदलते. आधी नोटीस द्यावी, खुलासा मागवावा, त्यानंतर सर्वसाधारण सभेने दंड ठरवावा, असा क्रम आहे. दंडाची कमाल मर्यादा आर्थिक वर्षाला ५,००० रुपये. ज्याने गॅलरी खोलीत घेऊन लाखोंची जागा कमावली, त्याला हा दंड भाड्याइतकाही वाटत नाही. पुढची पायरी सहकार न्यायालयाची, आणि तेथील तारखांचा अनुभव ज्याने घेतला तो दुसऱ्यांदा सहसा जात नाही. सभासदत्वातून काढून टाकण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी हजर राहून मत देणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश मते आणि निबंधकांची मंजुरी लागते. ज्यांच्याशी रोज लिफ्टमध्ये गाठ पडते, ज्यांच्या घरच्या लग्नाची पत्रिका आलेली असते, त्यांच्याविरुद्ध हात वर करणे कोणाला जमणार? अनधिकृत वाढीव बांधकामाची तक्रार महानगरपालिकेकडे करता येते, तेव्हा तक्रारदाराच्या स्वतःच्या खिडकीची जाळीही मोजली जाते. बहुतेक प्रकरणे येथेच थंडावतात.

थकबाकीच्या बाबतीत हाच कायदा बराच कडक आहे. दुरुस्तीची वर्गणी कोणी दिली नाही, तर उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळवून ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. जाळी उतरवणे कठीण आहे, वर्गणी मिळवणे तितके कठीण नाही. जी समिती आपली सारी शक्ती जाळीच्या रंगावर खर्च करते आणि दुरुस्ती निधीचा विषय ‘पुढच्या सभेत पाहू’ म्हणून सोडते, ती सोपी बाजू सोडून अवघड बाजूला भिडते, असेच म्हणावे लागेल.

व्यापारी कुटुंबांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. मीरा-भाईंदरमधील असंख्य इमारतींचा तळमजला दुकानांचा आहे, आणि अनेक दुकानदार त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. तिसऱ्या मजल्यावरच्या चपलांच्या मांडणीबद्दल तीन पत्रे लिहिणारी समिती तळमजल्यावर काय फोडले जात आहे, याकडे डोळेझाक करते. दुकानदार वजनदार असतो, शिवाय बरेचदा कोणाचा तरी नातेवाईक असतो. दुकान ऐसपैस दिसावे म्हणून मधली भिंत काढणे, पोटमाळ्यासाठी तुळईला भोके पाडणे, मोठ्या शटरसाठी खांबाचा कोपरा तासणे या गोष्टी दोन रात्रींत उरकतात. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातील सिद्धी साई ही इमारत कोसळली आणि १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावरील जागेत नूतनीकरण चालू होते, आणि तेथील अनधिकृत फेरफारांवर चौकशीत ठपका ठेवला गेला. मेलेल्यांत वरच्या मजल्यांवरील रहिवासी होते. त्यांनी कोणत्याही खांबाला हात लावलेला नव्हता.

आता एक नाजूक विषय. छज्ज्यावर कबुतरांना दाणे घालण्यावरून जितकी भांडणे या भागात होतात, तितकी क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असतील. ऑगस्ट २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना झाकला गेला, तेव्हा समाजाच्या भावना किती तीव्र आहेत हे साऱ्यांनी पाहिले. आरोग्याचा आणि जीवदयेचा तो मोठा वाद बाजूला ठेवला, तरी इमारतीपुरती गोष्ट सरळ आहे. विष्ठेचे थर साचले की पन्हळ आणि गच्चीची तोटी तुंबते, पाणी तुंबले की गिलावा भिजतो, आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना खिडकी उघडता येत नाही. राजस्थान-गुजरातच्या गावांतला चबुतरा आठवावा. तो गावाच्या चौकात, स्वतंत्र खांबावर, सर्वांच्या संमतीने उभा असतो; कोणी तो शेजाऱ्याच्या खिडकीवर बांधत नाही. दाणे घालावयाचे असतील तर त्यांची जागाही अशीच, सभेत चर्चा करून, सर्वांना चालेल अशी ठरवावी.

निधीचा हिशोब व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागू नये, तरी सांगावा लागतो. कारखान्याच्या यंत्रावर दरवर्षी घसारा मांडणारा, भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या धंद्यात मुरलेला गृहस्थ स्वतःच्या इमारतीवर मात्र शून्य घसारा मांडतो. उपविधींप्रमाणे प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चावर दरवर्षी किमान ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभाल निधीसाठी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी गोळा करावयाचे असतात. म्हणजे मिळून एक टक्का. जुन्या इमारतीत येथेच फसगत होते. ज्या सदनिकेचा बांधकाम खर्च कागदोपत्री एक लाख रुपये आहे, तिची किमान वर्गणी वर्षाला १,००० रुपये, म्हणजे महिन्याला ८३ रुपये होते. आजच्या मजुरीत तेवढ्यात परांचीचा एक बांबूही उभा राहत नाही. एक टक्का ही किमान मर्यादा आहे. सर्वसाधारण सभेला त्याहून अधिक दर ठरवता येतो, आणि जुन्या इमारतीच्या सभेने तो ठरवलाच पाहिजे. हा भार बांधकाम खर्चाच्या प्रमाणात असल्याने मोठी सदनिका असणाऱ्याला अधिक द्यावे लागते. सेवाशुल्कासारखी समान वाटणी येथे लागू होत नाही. त्यावरून सभेत आवाज चढतात, ते चढू द्यावेत.

या शहराला घाई आहे, कारण त्याच्या इमारती एकाच वयाच्या आहेत. १९८५ मध्ये नगरपालिका आणि २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या गावात ग्रामपंचायतीच्या काळातल्या इमारती आजही उभ्या आहेत. एका बाजूला खाडी, भोवती मिठागरे आणि वर्षाचे चार महिने मुसळधार पाऊस. खारी हवा भेगेतून आत शिरली की काँक्रीटमधील सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि फुगताना काँक्रीटला फोडून बाहेर ढकलते. छज्जा खाली येण्याआधी तपकिरी ओघळांनी अनेक वर्षे सूचना दिलेली असते.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणीकृत असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून प्रमाणपत्र सादर करणे बंधनकारक आहे. टाळाटाळ केल्यास २५,००० रुपये किंवा इमारतीच्या एका वर्षाच्या मालमत्ता कराइतकी रक्कम, यांतील जी अधिक असेल तितका दंड होतो. उपविधी आणखी आधी जागे करतात: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची तपासणी दर पाच वर्षांनी, त्यानंतर दर तीन वर्षांनी. अहवालानुसार धोकादायक इमारतींचे वर्ग पडतात. ‘सी-१’ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, ‘सी-२ ए’ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी, ‘सी-२ बी’ म्हणजे राहत्या घरांसह दुरुस्त होणारी आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ डागडुजीची. अनेक सोसायट्या तपासणी टाळतात, कारण अहवालात ‘सी-१’ येईल ही धास्ती असते. वेळीच तपासणी केलेल्या इमारती बहुधा शेवटच्या दोन वर्गांत राहतात, हे मात्र कोणी सांगत नाही. अभिहस्तांतरण झाले नाही म्हणून दुरुस्ती थांबवणाऱ्याही सोसायट्या आहेत. पुनर्विकासाला ती अडचण खरी, पण भिंतीला गिलावा करण्यासाठी जमिनीची मालकी लागत नाही.

अमेरिकेत घरमालकांच्या संघटना हिरवळ वाढली वा दाराचा रंग बदलला तरी दंड करतात. त्याच देशात फ्लोरिडातील सर्फसाइड येथे २४ जून २०२१ रोजी चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही समुद्रकाठची इमारत मध्यरात्रीनंतर कोसळून ९८ जण ठार झाले. संरचनेची गंभीर हानी झाल्याचे अभियंत्याने २०१८ मध्येच लिहून दिले होते. दुरुस्तीचा खर्च कोणी किती सोसायचा, यावर रहिवाशांत वाद चालू राहिला. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाने जुन्या इमारतींची तपासणी आणि राखीव निधी यांसाठी कायदा केला.

भाईंदरमध्ये वेळेचीही एक अडचण आहे. पावसाआधी दुरुस्ती संपवायची तर मार्च ते मे हेच महिने हाती असतात, आणि नेमके मे महिन्यात अर्धी इमारत देशी गेलेली असते. खास सभा बोलावली तर गणपूर्तीसाठी दोन तृतीयांश किंवा २० यांपैकी कमी संख्येइतके सभासदही जमत नाहीत. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावीच लागते, आणि चातुर्मासामुळे तेव्हा सारी कुटुंबे येथेच असतात. अभियंत्याची नेमणूक आणि निधीचा दर हे दोन्ही विषय त्या सभेच्या पत्रिकेवर घेतले, तर दिवाळीनंतर अहवाल येतो, जानेवारीत निविदा निघतात आणि फेब्रुवारीच्या अखेरीस परांची उभी राहते.