कॅमेरा लावलाय, घड्याळ कुणी लावायचं?

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या व्यापारी मंडळाने एका अभ्यासू गृहस्थांचं व्याख्यान ठेवलं होतं. विषय होता दुकानांमध्ये सीसीटीव्हीची सक्ती. गृहस्थ बोलतात छान. चाळीस मिनिटांत त्यांनी चोर, दरोडेखोर, गर्दुल्ले आणि माझ्यासारखे शंकेखोर, या सगळ्यांचा एकगठ्ठा बंदोबस्त केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कॅमेरा म्हणजे पगार, रजा आणि पेन्शन न मागणारा हवालदार. तो असला की चोर येत नाही. आला तर सापडतो. सापडला की सुटत नाही. खर्च म्हणाल तर एका बऱ्या मोबाईलएवढा. आणि ज्याच्या मनात काळंबेरं नाही त्याने कॅमेऱ्याला भ्यायचं कशाला? तेव्हा सराफ, मेडिकल, लॉज, परमिट रूम, पेट्रोल पंप, सगळ्यांना सक्ती करा आणि न बसवणाऱ्याचं लायसन अडकवा. टाळ्या पडल्या. कॅमेरे विकणारे दोघे पहिल्या रांगेत बसले होते, एवढं मी फक्त नोंदवून ठेवतो.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करू, कारण तो सर्वांत स्वस्त आहे. लपवण्यासारखं नसेल तर भीती कशाची, हे वाक्य ज्यांच्या घराच्या खिडक्यांना पडदे आहेत त्यांनी तरी उच्चारू नये. खर्चाचंही तसंच. कॅमेरा स्वस्त असतो; हार्ड डिस्क, इन्व्हर्टर आणि दर दोन महिन्यांनी बोलवावा लागणारा इलेक्ट्रिशियन स्वस्त नसतो. आणि मालक घरी बसून मोबाईलवर जे बघतो ते चोराला नाही, काउंटरवरच्या मुलीला, तिने किती वेळा पाणी प्यायलं ते. हे व्याख्यानात आलं नाही.

सक्ती हा शब्द उच्चारताना गृहस्थांनी आपल्याच राज्यातलं एक प्रकरण आठवायला हवं होतं. डान्स बारवर २००५ मध्ये बंदी आली, ती न्यायालयात टिकली नाही, मग २०१६ मध्ये नवा कायदा झाला आणि त्याच्या नियमांत नाच चालतो तिथे कॅमेरे बसवण्याची अट घातली गेली. १७ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ती अट खासगीपणाच्या हक्कावर घाला घालणारी म्हणून रद्द केली. वेळेचं बंधन मात्र ठेवलं. म्हणजे धंद्याला नियम लावता येतात, हवा तिथे डोळा बसवता येत नाही. डान्स बारची बाजू घ्यायची मला हौस नाही. पण तिथे जी अट टिकली नाही ती लॉजच्या प्रत्येक मजल्यावर सहज टिकेल असं मानायचं, तर त्याला अभ्यासापेक्षा श्रद्धा जास्त लागते.

कॅमेरा असला की चोर येत नाही, हेही अर्धंच खरं. परदेशातल्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एक आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुन्हे सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं, सर्वांत ठळकपणे गाड्यांच्या पार्किंगमध्ये. हिंसक गुन्ह्यांवर म्हणावा असा परिणाम आढळला नाही. आणि उपयोग दिसला तो जिथे पडद्यासमोर माणूस बसून बघत होता तिथे. आमच्याकडे पडद्यासमोर गणपतीचा फोटो असतो. त्याचं लक्ष असतं, पण तो पोलिसांना फोन करत नाही.

आता माझ्या आवडत्या मुद्द्याकडे येतो. सापडला की सुटत नाही! मी तालुका कोर्टात सव्वीस वर्षं वकिली करतो आहे. या वाक्यावर मला हसू आलं आणि शेजारच्या सराफाने रागाने बघितलं.

माझ्या एका अशिलाचं एसटी स्टँडजवळ मेडिकल आहे. विशिष्ट औषधं विकणाऱ्या दुकानांनी कॅमेरे लावावेत असा आदेश निघाला तेव्हा त्याने चार लावले. बिल आणि फोटो चौकीत नेऊन दाखवले. एका पावसाळी रात्री कुणीतरी पहारीने शटर वाकवलं, गल्ला रिकामा केला आणि खोकल्याच्या औषधाचे दोन खोके नेले. सकाळी बीटचे हवालदार आले, चहावाला आणि एक रिक्षावाला पंच म्हणून उभे राहिले, मीही गेलो. पडदा लावला. वरच्या कोपऱ्यात तारीख होती: ०१-०१-२०००. वेळ पहाटे ३ वाजून १२ मिनिटं. डीव्हीआरच्या, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या, पोटात रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. तो मेलेला असला आणि त्यात वीज जाऊन आली, की यंत्राचा पुनर्जन्म होतो आणि आयुष्य पुन्हा २००० सालापासून सुरू होतं. रात्री लाईट दोनदा गेली होती. चित्रात चोर होता. म्हणजे त्याची माकडटोपी होती, कारण कॅमेरा दहा फुटांवर, थेट डोक्यावर. टोपीची वीण मोजता आली असती. दुसऱ्या कॅमेऱ्यासमोर कोळ्याने जाळं विणलं होतं. रात्रीच्या चित्रणासाठी जे दिवे असतात त्यांच्याकडे किडे येतात आणि किड्यांमागे कोळी येतो. त्यामुळे सगळा गुन्हा धुक्यात घडल्यासारखा दिसत होता.

हवालदारांनी पंचनाम्यात 'कॅमेऱ्यातील तारीख व वेळ प्रत्यक्ष तारीख-वेळेशी जुळत नाही' असं लिहावं अशी विनंती मी केली. ते म्हणाले, ''वकीलसाहेब, तसं लिहिलं तर पुरावा कच्चा पडेल.'' न लिहिल्याने तो किती पक्का होतो ते त्यांना ठाऊक नसेल, मला आहे. कारण आता कबुली देतो: मी आरोपींच्या बाजूनेही उभा राहतो आणि असला मेलेला सेल हा माझा आजवरचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे. उलटतपासणीत मी इतकंच विचारतो की फुटेजप्रमाणे चोरी १ जानेवारी २००० ला झाली हे खरं आहे काय? साक्षीदार गप्प. मग मी सांगतो की त्या दिवशी माझा अशील दुसरीत शिकत होता. पुढचं काम संशयाचा फायदा करतो. या फीवर माझ्या मुलीची इंजिनिअरिंगची दोन सत्रं निघाली, तेव्हा वैयक्तिक स्वार्थ बघता मी सक्तीच्या बाजूनेच असायला हवा.

बरं, घड्याळ बरोबर आहे असं धरू. फुटेज टिकतं किती? एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट लिहितो असं धरा. दिवसाचे साधारण साडेएकवीस जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे ८६. दुकानदार जी एक टीबीची डिस्क घेतो ती अकरा दिवसांत भरत येते आणि मग यंत्र पहिल्या दिवसावर लिहायला घेतं. फुटेजचं बारावं बरोबर बाराव्या दिवशी उरकतं. सराफाच्या दुकानातली बोलबच्चन चोरी, म्हणजे ट्रे बघता बघता दोन अंगठ्या कमी होणं, लक्षात येते महिनाअखेरच्या मोजदादीला. तोवर कॅमेऱ्याने आपलं सुतक फेडलेलं असतं. आणि लगेच लक्षात येईल अशी मोठी घरफोडी असेल तर वर्तमानपत्रातलं वाक्य ठरलेलं आहे: चोरट्यांनी जाताना सीसीटीव्हीचा डीव्हीआरही लंपास केला. चोर व्याख्यानं ऐकत नसले तरी यंत्र कुठे ठेवतात हे त्यांना कळतं.

टिकलं, सापडलं, तरी ते कोर्टात कसं येणार? १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि ते आता दोन भागांत: एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा अंगठ्याचा ठसा म्हणावा असा आकडा, लिहायची असते. माझ्या अशिलाला मी तो रकाना वाचून दाखवला. त्याने विचारलं, ''ही जीएसटी धरून की सोडून?'' हसू नका. त्याच्यावर कॅमेऱ्याची सक्ती करणाऱ्या एकाही आदेशात हा शब्द नाही.

प्रमाणपत्राचा आग्रह हे वकिलांचं खुसपट आहे असं कुणी म्हणेल. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतलं जालन्याचं प्रकरण बघा. उमेदवारी अर्ज द्यायची मुदत दुपारी ३ ला संपत होती. अर्ज त्याआधी आला की नंतर, एवढाच वाद. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे चालू होते. म्हणजे कॅमेरा सरकारी, कचेरी सरकारी, प्रश्न फक्त किती वाजले याचा. तरी फुटेजचं प्रमाणपत्र मागूनही मिळालं नाही. प्रमाणपत्र सक्तीचं का, आणि मागूनही न मिळालं तर काय, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाचा १४ जुलै २०२० चा निकाल यावा लागला. सरकारी कचेरीत जे जमलं नाही ते एसटी स्टँडजवळच्या मेडिकलवाल्याकडून कोणत्या हिशेबाने मागता?

आणि शेवटचा नमुना. त्या मेडिकलचा डीव्हीआर तपासासाठी मुद्देमाल म्हणून जप्त झाला, कापडी पिशवीत, लाखेच्या सीलसह. खटला उभा राहायचा आहे. दरम्यान नियमित तपासणीला आलेल्या दुसऱ्या अंमलदारांनी अशिलाला नोटीस दिली: आपल्या आस्थापनेतील सीसीटीव्ही यंत्रणा बंद असल्याचे आढळून आले, खुलासा करावा. खुलासा मीच लिहून दिला. आयुष्यात इतका आनंद मला कुठल्याच लिखाणाने दिलेला नाही.

हा वाद माझा त्या गृहस्थांशी, किंवा त्यांच्यासारख्यांशी, नवा नाही. सायबर कॅफेचे दिवस आठवतात का? तेव्हाही हेच: प्रत्येक गिऱ्हाईकाचं ओळखपत्र बघा, वहीत नोंद करा. २०११ मध्ये केंद्राचे रीतसर नियमही आले, नोंदी वर्षभर जपण्याचे. तेव्हाही मी विचारलं होतं की या वह्या वाचणार कोण, आणि 'देशाच्या सुरक्षेपुढे असले प्रश्न गौण आहेत' असं उत्तर ऐकून गप्प बसलो होतो. पुढे कॅफे बंद पडले. एका संध्याकाळी भेळेचा पुडा उलगडला तर आत एका अनोळखी बाईंच्या मतदार ओळखपत्राची झेरॉक्स, चिंचेच्या पाण्याने भिजलेली. त्याही आधी जा. १८६७ च्या सराई कायद्यात राखणदार पुरवण्याचं ओझं सराई चालवणाऱ्यावरच होतं. आपलं काम दुसऱ्याच्या खर्चाने करून घ्यायची ही रीत इंग्रजांनी घालून दिली, आपण तिला वायर जोडली.

राहता राहिलं पोलीस ठाणं. २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा, चित्रण १८ महिने, निदान वर्षभर ठेवा, असं बजावलं. सप्टेंबर २०२५ मध्ये बंद कॅमेऱ्यांची बातमी वाचून त्याच न्यायालयाला पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली. ठाण्यातला कॅमेरा बंद असला तर तो तांत्रिक बिघाड, मेडिकलमधला बंद असला तर हलगर्जीपणा. व्याख्यानानंतर मी याविषयी चिठ्ठी पाठवली होती. वेळेअभावी प्रश्नोत्तरं झाली नाहीत.

मग तुम्हाला हवंय तरी काय, असं विचाराल. मला कॅमेऱ्याचं वावडं नाही; माझ्या ऑफिसच्या दारावर एक आहे. सक्ती करायचीच तर ती विधानसभेत कायदा करून करा. तातडीच्या प्रसंगासाठी असलेलं, दोन महिन्यांत संपणारं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ वापरून कायमचे कॅमेरे बसवून घेऊ नका. गुजरातने २०२२ मध्ये कायदा केला, चित्रण ३० दिवस ठेवायला सांगितलं. पटो न पटो, निदान वाचता तरी येतो. सराफ, पेट्रोल पंप असे रोकड आणि दरोड्याचे धंदे घ्या, सलून-टेलर सोडा. पंचनाम्यात यंत्राची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक लिहायचा रकाना छापा. फुटेज नेलं तर पावती द्या, आणि यंत्र उचलून नेण्याऐवजी तज्ज्ञ दुकानात पाठवून नक्कल घ्या. कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा दुसरा भाग त्याला तिथेच भरता येईल. ३० दिवसांच्या डिस्कचा वरचा खर्च परवाना फीतून वळता करा. याहून जास्त माझ्याकडे नाही. पाडकामाला जेवढा उत्साह लागतो तेवढा मला बांधकामाला कधीच आलेला नाही, हे घरचेही सांगतील.

एक खुलासा राहिला. गृहस्थांची विधानं मी आठवणीतून दिली आहेत, अन्याय झाला असल्यास क्षमा असावी. शब्दशः द्यायची इच्छा होती. मंडळाच्या हॉलमध्ये दोन कॅमेरे आहेत, त्यातला एक आवाजही टिपतो. व्याख्यानानंतर पंधरा दिवसांनी सेक्रेटरींकडे चित्रण मागितलं. ते म्हणाले, ''वकीलसाहेब, आठच दिवसांचं राहतं हो.''