हामिदचा चिमटा



गेल्या महिन्यात एका भगिनीने कथा पाठवली. नायिका विधवा, शिवणकाम करून दोन मुलांना शिकवते, डोक्यावर कर्ज. शेवटच्या परिच्छेदात आखातातून तिचा भाऊ येतो आणि सगळं कर्ज फेडून टाकतो. या भावाचा उल्लेख त्याआधी कुठेच नाही. कारण विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "शेवट कुणाला ओळखता येऊ नये, म्हणून त्याला मुद्दाम लपवलं."

नवे लेखक नेमके इथेच चुकतात. माहिती दडवली की धक्का बसतो, पण वाचकाला आपण फसवले गेलो असं वाटतं. चांगली कलाटणी सगळं समोर ठेवते. त्याचा अर्थ मात्र उशिरा उलगडते.

प्रेमचंदांची 'ईदगाह' (१९३३) आठवा. चार-पाच वर्षांचा यतीम हामिद तीन पैसे घेऊन ईदच्या जत्रेत जातो. मित्र मातीची खेळणी आणि मिठाई घेतात; हा दादी अमीनासाठी लोखंडी चिमटा घेतो. रोटी काढताना तिची बोटं भाजतात, हे त्याच्या लक्षात असतं. दादी आधी रागावते, मग रडू लागते. तिथे लहान हामिद वडीलधारा होतो आणि म्हातारी अमीना लहान मुलगी होते.

हे अचानक घडतं का? सुरुवातीचं पान पुन्हा वाचा. नातवाला एकटं पाठवायचं म्हणून अमीना व्याकूळ आहे आणि तो चिमुरडाच तिला धीर देतो, घाबरू नकोस, मी सगळ्यांच्या आधी परत येईन. शेवटी जे होतं, ते सकाळीच झालेलं असतं. तेव्हा आपण त्याला पोराचं बोलणं समजून पुढे जातो. खेळण्यांचंही तसंच. ती मातीची आहेत, पडली तर फुटतील, हे जत्रेतच सांगितलेलं आहे. घरी पोचल्यावर ती फुटतात, तेव्हा आपली तक्रार नसते.

यातून एक युक्ती शिकता येते. खूण अशा जागी ठेवावी, जिथे तिला दुसरं काही काम असेल. हामिदचं ते वाक्य तिथे लाडाचं म्हणून येतं, त्यामुळे ते खूण आहे असं वाटत नाही.

आता त्या भगिनीची कथा घेऊ. भावाशी वाटणीवरून अबोला आहे, हे पहिल्याच पानावर एका ओळीत येऊ द्या. पुढे ती फी भरायला शाळेत जाते आणि कारकून म्हणतो, "भरली आहे." तिला वाटतं, शाळेने माफ केली, ती शुक्र अदा करून घरी येते. वाचकालाही तसंच वाटेल. शेवटी भाऊ दारात उभा राहिला की त्या फीचा अर्थ बदलेल आणि अबोल्याचाही. कर्ज फिटलं नाही तरी चालेल.

कथा लिहून झाली की घरातल्या एकाला वाचायला द्या. शेवटाला "अरे!" म्हणून तो मागची पानं उलटू लागला, तर कथा जमली. "हा कुठून आला?" असं त्याने विचारलं, तर पहिल्या पानापासून पुन्हा बसा.

त्या भगिनींनी कथा नव्याने लिहायला घेतली आहे. तुमच्याही येऊ द्या.