टाकीवरची चिठ्ठी

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी अमेरिकेत एक म्हातारी मोटार विकत घेतली, तेव्हा आमच्या ताईला दोन दिवस अन्न गोड लागले नाही. मुलगा ओहायोत चांगल्या नोकरीवर. नवी कोरी गाडी घेण्याची ऐपत असताना त्याने १९६९ सालची शेव्हर्ले शेव्हेल घ्यावी, आणि तीही तळाला गंजून चाळण झालेली! "तू जरा समजाव त्याला," असे मला फर्मान सुटले. मी पडलो मराठीचा प्राध्यापक; मला स्कूटरचा प्लगसुद्धा साफ करता येत नाही. पण ताईची आज्ञा मोडायची कोणी? मी फोन केला आणि समजावायचे राहून तासभर ऐकतच बसलो.

या जातीच्या गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. आपण पैलवान गाडी म्हणू या. कृती सोपी: मध्यम बांध्याची गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात थोरल्या गाडीचे इंजिन बसवायचे. १९६४ साली पाँटियॅकच्या इंजिनियरांनी हा उद्योग केला. जनरल मोटर्स या मातृसंस्थेचा नियम असा, की मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही. या मंडळींनी ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, इंजिन घातले. आणि ही नवी गाडी नव्हेच, नेहमीच्या गाडीसोबत मिळणारी जादा सोय आहे, असे कागदावर दाखवले. कसा वळसा घातला पाहा! ती 'जीटीओ' त्या वर्षी ३२ हजारांवर खपली आणि मग सगळ्यांनीच तालमी उघडल्या. पुढे विम्याचे हप्ते चढले, धुराचे कायदे आले, १९७३ चे तेलसंकट आले. पैलवानांचा खुराक तुटला तो तुटलाच.

आज त्यांचा जीर्णोद्धार हा मोठाच धंदा झाला आहे. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते तळाचा पत्रा खाते. म्हणून सगळा सांगाडा मोठ्या सळईवर आडवा चढवायचा आणि भट्टीवरच्या कबाबासारखा फिरवीत पोटाखालून जोडकाम करायचे. काही गाड्यांचे तर अख्खे सांगाडे नव्याने करून मिळतात! वाळवीने खाल्लेला वाडा मुळापासून नवा बांधायचा आणि त्यावर पाटी लावायची 'जुना वाडा'.

भाच्याच्या गाडीवर 'एसएस ३९६' अशी पाटी होती. ३९६ घनइंचांचे इंजिन असलेली ही खासी पैलवान जात. साध्या शेव्हेलहून तिला पुष्कळच अधिक भाव. मौज अशी, की १९६९ साली एसएस हीसुद्धा एक जादा सोयच होती, त्यामुळे गाडीवर कोरलेल्या क्रमांकावरून खरी कोणती आणि खोटी कोणती ते कळत नाही. विकणाऱ्याने छातीठोकपणे 'खरी' म्हणून सांगितले, भाच्याने खरीचे पैसे मोजले.

मग एका शनिवारी त्याने पेट्रोलची टाकी उतरवली. टाकीच्या माथ्यावर पिवळा पडलेला एक कागद चिकटलेला. कारखान्यात गाडी जुळवणाऱ्यांना कोणते इंजिन, कोणता रंग हे सांगणारा हा कागद असे, आणि पुष्कळदा तो आतच राहून जाई. त्यावर इंजिन होते ३०७ घनइंचांचे, साधे. रंग गर्द हिरवा. एसएसचा मागमूस नाही. लाल रंग, पाटी, मोठे इंजिन, सारे मागाहून घुसडलेले!

मला हे ऐकून अंगावर काटा आला. जुन्या पोथीच्या शेवटी लेखनिक शक, गाव आणि आपले नाव लिहून ठेवतो, त्या पुष्पिकेने मधल्या प्रक्षिप्त ओव्या उघड्या पाडाव्यात, तसाच हा प्रकार. पण भाचा विद्यापीठात नव्हता, गॅरेजात होता. मित्र म्हणाला, "जाळून टाक तो कागद. कोणाला कळतंय? पुढच्याला खरी म्हणून वीक."

"मामा, दोन रात्री ती चिठ्ठी ड्रॉवरमध्ये ठेवली होती मी," तो म्हणाला. मी काही बोललो नाही. अशा वेळी मामांनी बोलू नये.

तिसऱ्या दिवशी त्याने पाटी उपसून काढली. मी उत्साहाने सांगितले, "आता कागदाबरहुकूम मूळपाठ सिद्ध कर!" तो हसला. "पोथी वाचायची असते, मामा. ही मला चालवायची आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत हिच्या." मग त्याने मला मस्टँगची गोष्ट सांगितली. 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्क्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग १९७४ साली न्यू जर्सीच्या एका गृहस्थाने घेतली. त्याची पत्नी तीतून शाळेत शिकवायला जात असे. १९७७ साली मॅक्क्वीनने पत्र लिहून ती परत मागितली. यांनी दिली नाही. पोचे, गंज, कॅमेऱ्यासाठी तळाला जोडलेले लोखंड, सगळे तसेच राहू दिले. जानेवारी २०२० मध्ये ती लिलावात शुल्कासह ३७.४ लाख डॉलरना गेली. तिची जोडीदारीण मात्र मेक्सिकोत भंगारात पडली होती. तिला कापून-जोडून दुसऱ्याच एका चित्रपटातल्या गाडीची नक्कल करायला घेतली होती; २०१७ साली क्रमांक तपासला म्हणून वाचली.

"माझी खरी एसएस असती," भाचा म्हणाला, "तर एक स्क्रूसुद्धा बदलायची हिंमत झाली नसती. साधी निघाली, मी मोकळा झालो."

आता तिच्यात नवे इंजिन बसले आहे, पुढे डिस्क ब्रेक आले आहेत आणि रंग चिठ्ठीत होता तोच. चिठ्ठी चौकटीत घालून गॅरेजात टांगली आहे; गाडी विकली तर ती बरोबर जाणार, असे तो म्हणतो. दिलेले जादा पैसे अर्थात गेले.

ताई उन्हाळ्यात तिकडे जाऊन आली, तिच्या हाती त्याने ती 'एसएस ३९६' ची पाटी मला पाठवली. सध्या ती माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर दाबण म्हणून ठेवली आहे. गाडीत बसलीस का, असे मी ताईला विचारले.

"बसले," ती म्हणाली. "आवाज फार करते. पण तो लाल रंग गेला ते एक बरं झालं."