विश्लेषण : कोड बरोबर, तरी ॲपचा बिल्ड का अडतो?

गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावातल्या बीसीए किंवा इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याकडे ॲप बनवायला लागणारे बरेचसे आज असते. लॅपटॉप असतो, अँड्रॉइड स्टुडिओ मोफत मिळतो, शिकवणारे व्हिडीओ मराठीतही सापडतात. गाडी अडते ती पहिल्याच बिल्डला. स्वतःची एक ओळही लिहिलेली नसताना स्क्रीनवर लाल अक्षरे उमटतात : ‘कुड नॉट रिझॉल्व्ह’. मग अँड्रॉइड स्टुडिओ काढून पुन्हा टाकला जातो, कुठल्या तरी व्हिडीओखालच्या कमेंटमधली ओळ चिकटवली जाते आणि शेवटी ‘आपल्याला कोडिंग जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे. हा एरर बहुतेक वेळा कोडिंगचा नसतोच, पुरवठ्याचा असतो.

डिपेंडन्सी म्हणजे नेमके काय?

कोणतेही ॲप पूर्णपणे स्वतः लिहिलेले नसते. फोटो दाखवणे, सर्व्हरशी बोलणे, नकाशा उघडणे या कामांसाठी इतरांनी लिहिलेले तयार कोड, म्हणजे लायब्ररी, वापरल्या जातात. ॲप ज्यांच्यावर अवलंबून असते त्या डिपेंडन्सी. त्या गुगल किंवा मेव्हन सेंट्रलच्या ऑनलाइन कोठारांतून डाउनलोड होतात. अँड्रॉइडमध्ये हे काम ग्रेडल नावाचे टूल करते.

शेतकऱ्यांच्या घरात ‘लिंकिंग’ हा शब्द नवा नाही. युरियाची गोणी मागितली की दुकानदार सोबत आणखी काहीतरी गळ्यात मारतो. लायब्ररीचेही तसेच आहे. एक मागितली की तिला लागणाऱ्या दहा सोबत येतात. फरक एवढाच, की इथे त्या दहा खरोखर लागतात. त्यातली एक जरी मिळाली नाही, किंवा दोघींना तिसरीचे वेगवेगळे व्हर्जन हवे असले, तर बिल्ड थांबू शकतो.

काल चालणारा प्रोजेक्ट आज का बंद पडतो?

कारण कोठारे बदलतात. जेसेंटर हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. २०२१ च्या आधी अँड्रॉइड स्टुडिओत नवा प्रोजेक्ट उघडला की त्यात जेसेंटरचे नाव आपोआप यायचे. फेब्रुवारी २०२१ मध्ये जेफ्रॉग कंपनीने ही सेवा बंद करण्याची घोषणा केली. जुन्या फाइली काही काळ मिळत राहिल्या. १५ ऑगस्ट २०२४ पासून जेसेंटरकडे येणाऱ्या मागण्या मेव्हन सेंट्रलकडे वळवण्यात आल्या. ज्या लायब्ररी फक्त जेसेंटरवर होत्या, त्यांचा पत्ताच हरवला.

मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांना याची झळ वेगळ्या वाटेने बसते. शेवटच्या वर्षाचे ‘रेडिमेड’ प्रोजेक्ट विकत घेण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. त्यातले अनेक प्रोजेक्ट वर्षानुवर्षे एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे फिरतात आणि त्यांच्या बिल्ड फाइलमध्ये जेसेंटरची ओळ तशीच असते. पैसे मोजून आणलेला प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री उघडत नाही, यात आश्चर्य कसले?

पण मोठ्यांचेही असेच होते. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी रिॲक्ट नेटिव्हवर बनलेल्या ॲपचे अँड्रॉइड बिल्ड जगभर कोसळले. कोणी काहीच बदलले नव्हते. जुन्या प्रोजेक्टमध्ये व्हर्जनच्या जागी नुसते अधिकचे चिन्ह होते. म्हणजे ‘जे सर्वांत नवे असेल ते आण’. त्या दिवशी ०.७१ ची चाचणी आवृत्ती मेव्हन सेंट्रलवर आली आणि जुन्या प्रोजेक्टनी तीच उचलली. मागच्या अनेक व्हर्जनसाठी दुरुस्त्या काढाव्या लागल्या. त्याआधी मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ ही अवघ्या ११ ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने काढून घेतली, तेव्हाही जगभर असंख्य बिल्ड अडले होते.

एरर वाचायचा कसा?

लाल मजकुराची पहिली ओळ सहसा काहीच सांगत नाही. खाली जावे लागते. ‘कुड नॉट फाइंड’ असे असेल तर त्या नावाची किंवा त्या व्हर्जनची वस्तू कोठारात नाही. त्याखाली ग्रेडलने कुठे कुठे शोधले त्याची यादी असते. यादीत गुगल किंवा मेव्हन सेंट्रल नसेल तर तिथेच उत्तर आहे. दोन्ही असतील तर लायब्ररीचे नाव नीट तपासावे आणि ती आता कुठे हलली आहे ते तिच्या मूळ पानावर बघावे.

‘कुड नॉट गेट’, ‘टाइम आउट’, ‘अननोन होस्ट’ असे शब्द असतील तर दोष बहुधा नेटचा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बिल्ड करणाऱ्यांना हे नेहमीचे. ग्रेडलचीच फाइल १०० एमबीच्या पुढे असते, ती अर्धवट उतरली की पुढचे सगळे बिघडते. अशा वेळी ती अर्धवट फाइल काढून चांगल्या नेटवर पुन्हा उतरवावी. सगळे अँड्रॉइड स्टुडिओ काढण्याची गरज नाही. डेटा वाचवण्यासाठी कधीतरी सुरू केलेला ऑफलाइन मोड विसरला जातो, तेही एक कारण.

तिसरा प्रकार भांडणाचा. ‘डुप्लिकेट क्लास’, फ्लटरमध्ये ‘व्हर्जन सॉल्व्हिंग फेल्ड’, एनपीएममध्ये ‘ई-रिझॉल्व्ह’. इथे दोन लायब्ररींचे पटत नाही. कोण कोणाला मागते आहे याचे झाड ग्रेडलची ‘डिपेंडन्सीज’ कमांड छापून दाखवते, ते पाहिल्याशिवाय व्हर्जन बदलत बसणे म्हणजे अंधारात दगड मारणे. एनपीएमवर ‘लेगसी पीअर डेप्स’ लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने एरर जातो, भांडण जात नाही. ते पुढे ॲप वापरणाऱ्याच्या फोनवर उफाळते.

उपाय कोणाच्या हातात?

विद्यार्थ्याच्या हातात पहिली गोष्ट : व्हर्जन ठाम लिहावे, अधिकचे चिन्ह कधीच नाही. एनपीएम आणि फ्लटर यांची लॉक फाइल कोडसोबतच जपावी. ‘कचरा’ समजून ती डिलीट करणारे खूप आहेत. ग्रेडलमध्ये लॉकची सोय स्वतः सुरू करावी लागते. कमेंटमध्ये सापडलेले अनोळखी कोठार मात्र जोडू नये. तिथून येणारा कोड थेट आपल्या ॲपमध्ये जातो.

‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हा मार्गही आता बंद आहे. ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर नवे ॲप किंवा अपडेट टाकायचे तर ते अँड्रॉइड १५ ला धरून बनवलेले असावे, असा गुगलचा नियम आहे. म्हणजे गावातल्या दुकानासाठी तीन वर्षांपूर्वी केलेले ॲप सुधारायचे तर ते नव्या साधनांवर पुन्हा बिल्ड करावेच लागणार, आणि जुनी डिपेंडन्सी नेमकी तेव्हाच अडणार.

महाविद्यालयांनी करण्यासारखे काम फारसे खर्चिक नाही. लॅबमधल्या एका कॉम्प्युटरवर लागणाऱ्या लायब्ररी एकदा उतरवून ठेवल्या, तर तीस विद्यार्थ्यांना तीस वेळा तेच डाउनलोड करावे लागणार नाही. आणि तोंडी परीक्षेत पॉवरपॉइंटच्या स्लाइड पाहण्याऐवजी परीक्षकांनी विद्यार्थ्याला लॅबमधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसवून प्रोजेक्ट बिल्ड करायला सांगावे. रेडिमेड कोणता आणि स्वतः केलेला कोणता, हे दहा मिनिटांत कळेल.