विरघळणारा स्क्रू

पावसाळा सुरू झाला की प्रत्येक ऑफिसात एक तरी प्लॅस्टर येतंच. कुणी ट्रेकला घसरतं, कुणाची बाइक सटकते. पहिले दोन दिवस प्लॅस्टरवर सह्या करण्यात जातात, मग चौकशी सुरू होते. आत काय टाकलंय, रॉड की प्लेट? आणि लगेच पुढचा प्रश्न, काढायची कधी?

हे ‘काढायची कधी’ प्रकरण जाम वैतागाचं. हाड जुळलेलं असतं, तुम्ही मस्त चालत असता, आणि तरी पुन्हा अॅडमिट, पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा रजेचा अर्ज. मोठ्या माणसांत धातू त्रास देत नसेल तर तो आतच राहू देतात. पण घोट्यावर मांस नावालाच, तिथे स्क्रूचं डोकं बुटाला घासायला लागतं.

मग स्क्रूच विरघळला तर?

विरघळणारे टाके तुम्हाला माहीत असतीलच. त्याच जातीच्या पॉलिमरच्या, म्हणजे मुख्यतः पॉलिग्लायकोलिक अॅसिडच्या पिना वापरून हेलसिंकीत पेंटी रोक्कानेन यांच्या टीमने १९८४ मध्ये घोट्याची फ्रॅक्चर्स बसवायला सुरुवात केली. फंडा सोपा आहे. शरीरातलं पाणीच पॉलिमरच्या लांब साखळ्या हळूहळू तोडतं. पॉलिलॅक्टिक अॅसिड या भावंडातून शेवटी लॅक्टिक अॅसिड उरतं, जे व्यायाम करताना आपल्या स्नायूंतही तयार होतं. त्याचं होतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. थोडक्यात, तुमचा स्क्रू तुम्ही श्वासातून बाहेर टाकता. भारी ना?

थांबा, सगळी गोम टायमिंगमध्ये आहे. हेलसिंकीच्याच ओले बोस्टमन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये २५२८ पेशंट्सचा हिशोब मांडला. त्यातल्या १०८ जणांना जंतू नसतानाही त्या जागी सूज आणि दाह झाला होता. यातले १०७ पॉलिग्लायकोलिकवाले, आणि त्रास सरासरी ११ आठवड्यांनी सुरू झालेला. हे पॉलिमर इतक्या झपाट्याने विरघळतं की कचरा उचलायला शरीराला वेळच पुरत नाही. बरं, हळू विरघळणारं घ्यावं, तर त्याचीही तऱ्हा. नेदरलँड्समध्ये गालाच्या हाडावर बसवलेल्या पॉलिलॅक्टिकच्या प्लेट्सपाशी तीन वर्षं उलटून गेल्यावर सूज आली आणि काही जणांना पुन्हा टेबलावर जावं लागलं. म्हणजे जी दुसरी सर्जरी टाळायची होती, तीच! त्यानंतर दोन्हींची मिश्रणं आली, कॅल्शियमची संयुगं घातलेले स्क्रू आले आणि मामला बराच सुधारला.

ताकदीचं मात्र मान्य करायलाच हवं. साधं पॉलिलॅक्टिक पॉलिमर हाडापेक्षाही लवचीक असतं, स्टीलशी तर तुलनाच नको. त्यामुळे मांडीचं हाड मोडलं असेल तर ‘डॉक्टर, विरघळणारं टाका ना’ हा हट्ट धरू नका, तिथे धातूच हवा. या स्क्रूंचं खरं राज्य आहे गुडघ्याचं लिगामेंट नव्याने बसवताना, हाताच्या छोट्या हाडांत आणि लहान मुलांच्या कवटीवर. बाळाचं डोकं वाढतंय आणि प्लेट तिथेच अडून बसलीय, हे कसं चालेल? माझ्या मते या शोधाचं सगळ्यात मोठं सार्थक इथेच आहे.

तुम्हाला हा पर्याय सुचवला गेला तर बिनधास्त तीन गोष्टी विचारा. पॉलिमर कुठलं, ते किती आठवडे पूर्ण ताकद धरतं आणि पूर्ण जायला किती वर्षं लागतात. एअरपोर्टवर बीप होणार नाही, एमआरआयमध्ये धातूसारखा गोंधळ दिसणार नाही, हे बोनस. आणि हो, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. नुसतं पॉलिमर एक्स-रेत दिसत नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात, तर त्यांना हाडात फक्त एक रिकामं भोक दिसेल.